आईच्या गॅलरीतला धबधबा शोधायला तुंगारेश्वरला

नालासोपाऱ्यात तुळिंजला फ्लॅट बघायला आलो होतो तेव्हा मी एजंटला पाणी किती वेळ येतं, मेंटेनन्स किती, स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का, असे शहाण्या माणसाचे प्रश्न विचारत होते. आई तेवढ्यात गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "सुजे, हाच घ्यायचा!" समोर तुंगारेश्वरचा डोंगर होता, ऐन पावसाळा होता आणि हिरव्यागार उतारावरून एक पांढरी रेघ खाली आली होती. एजंटने लगेच संधी साधली. "वॉटरफॉल व्ह्यू आहे, मॅडम." ही मंडळी पावसाळ्यातच फ्लॅट का दाखवतात हे मला नंतर कळलं, पण तोवर टोकन देऊन झालं होतं.

ही पोस्ट त्या पांढऱ्या रेघेबद्दल आहे. तुंगारेश्वरला जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता, वेळ, खाणंपिणं सगळं लिहितेच, पण मधेमधे आई येणार. तिला वगळून ही सहल मला सांगता येणार नाही.

घरात आम्ही दोघीच. मी अंधेरीला बँकेत, आई पूर्वी ब्लाउज शिवायची, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. राहायला आल्यापासून दर पावसाळ्यात ती म्हणायची, "एकदा जाऊन येऊ गं त्या धबधब्याला. समोर तर आहे." आणि मी म्हणायचे, जाऊ की. गेलो नाही. त्याच वर्षांत आम्ही टूरवाल्यांबरोबर मनालीला जाऊन आलो, केरळ केलं, एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर आंबोलीलासुद्धा गेलो. लांबच्या ठिकाणांसाठी रजा टाकावी लागते, तिकिटं काढावी लागतात, म्हणून ती होतात. जवळचं ठिकाण कुठल्याही रविवारी होण्यासारखं असतं, म्हणून एकाही रविवारी होत नाही. रविवारी मला झोपायचं असायचं, केसांना मेंदी लावायची असायची, आठवडाभराचे कपडे असायचे. मनालीला एका धबधब्यासमोर सगळे फोटो काढत होते, तर आई गाइडला हिंदीत ठणकावून सांगत होती, "हमारे घर के सामनेवाला इससे बड़ा है."

मागच्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. खाली उतरायचं नाव काढलं की ती तोंड फिरवते. तिचा दिवस गॅलरीत जातो. खुर्ची डोंगराकडे, रेडिओ बाजूला, मांडीवर निवडायची भाजी. त्या रेघेवरून तिने स्वतःचं हवामान खातं काढलंय. रेघ दिसली की वर पाऊस झालाय, आता खाली येणार, कपडे आत घ्या. खालच्या मजल्यावरच्या चव्हाण वहिनी फोन करून विचारतात, "काकू, धबधबा काय म्हणतोय? पापड घालू का वाळत?" आणि आई डोळे बारीक करून, जरा वेळ घेऊन, निकाल देते. अख्ख्या विंगमध्ये तिचा शब्द चालतो.

या वर्षी समोरच्या बैठ्या चाळीच्या जागी बिल्डिंग उभी राहायला लागली. मे महिन्यात जमिनीत खड्डा होता, गणपतीपर्यंत स्लॅब आमच्या खालच्या मजल्यांच्या बरोबरीला आला. आई रोज मजले मोजायची. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर चपला काढायच्या आत म्हणाली, "पुढच्या पावसात मी भिंत बघत बसणार. माझं तर आता होत नाही. तू तरी जाऊन ये. तो नक्की कुठून पडतो, खाली उभं राहता येतं का, पाणी गार असतं का, बघ आणि मला सांग." तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. मी त्याच मिनिटाला रेजिनाला फोन लावला.

रेजिना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. वसईजवळ गिरीजला त्यांची केळी-नारळाची वाडी आहे, ती स्वतः शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत फिरते. तिने आधी माझी उडवली. "आता आठवला होय तुला तुंगारेश्वर? तेरा वेळा बोलावलं असेन मी." मग कामाचं बोलली.

तिचं कामाचं बोलणं तुमच्याही कामाचं आहे, म्हणून नीट वाचा. भर पावसाळ्यात इथल्या धबधब्यांवर आणि ओढ्यांत उतरायला बहुतेक वर्षी मनाई असते. माणसं वाहून गेलेली आहेत, तेव्हा "आम्ही फक्त लांबून बघू" असं सांगून पोलिसांशी वाद घालायला जाऊ नका. मनाई उठते तेव्हा पाऊस संपत आलेला असतो आणि हे सगळे ओढे पावसाचेच, त्यामुळे पाणी भराभर उतरतं. म्हणजे पाणी भरपूर असतं तेव्हा जाता येत नाही आणि जाता येतं तेव्हा पाणी पळत असतं. मधले थोडे आठवडे काय ते आपले. जाण्याआधी चौकशी करा आणि मग लांबणीवर टाकू नका. हे मी सांगतेय याला काही अर्थ आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शनिवारी विजा कडाडून परतीचा पाऊस झाला आणि रविवारी सकाळी आईने गॅलरीतून आरोळी दिली, "रेघ दिसतेय! निघा!" रेजिना रात्रीच मुक्कामाला आली होती आणि आई आमच्या आधी उठून बसली होती. निघताना तिने एक युक्ती सांगितली. "मी गॅलरीत लाल साडी वाळत घालते. वर गेलात की दुर्बिणीतून बघा. आपलं घर सापडलं की समोर जे असेल तोच माझा धबधबा." मला ही कल्पना फारच आवडली. रेजिना म्हणाली, "काकी, तुमचं डोकं भारी चालतं हां." आई खूश झाली.

रेजिनाच्या स्कूटरवरून तुळिंजमधून बाहेर पडून आम्ही हायवेला लागलो. हायवेवर ट्रक अंगावर येतात आणि खड्डे आहेत, स्कूटरवर असाल तर डाव्या कडेने सावकाश जा. सातिवलीला तुंगारेश्वरची कमान लागते. ट्रेनने येणाऱ्यांनी वसई रोडला उतरून पूर्वेकडून रिक्षा करावी, पण परतीचं आधीच बोलून ठेवा, संध्याकाळी रिक्षा मिळायची मारामार असते. आत शिरताना वनखात्याची चौकी आहे. तिथे किरकोळ प्रवेश फी, पिशव्या तपासणं. आमच्या पिशवीत रेजिनाच्या आईने दिलेले फुगे होते, म्हणजे मैद्याचे ते गोल, तळलेले, जरा गोडसर पाव, आणि त्यांच्याच वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी. तपासणाऱ्या बाईंनी सुकेळी बघून विचारलं, "घरची का?" रेजिनाने दोन काढून हातावर ठेवली.

चौकीनंतर डांबर संपतं आणि हायवेचा आवाजही पहिल्या दोन वळणांत संपतो. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे साग आणि बांबू, मधून मधून रस्ता ओलांडणारे ओढे. पाणी घोट्याइतकं होतं, पण खालचे दगड शेवाळलेले, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूटच घाला. माकडं आहेत आणि ती भीत नाहीत. माझ्यासमोर एकाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट गेलं, तो "अरे यार" म्हणेपर्यंत माकड झाडावर बसून खायलाही लागलं होतं. तुंगारेश्वरच्या देवळापर्यंत चढ बेताचा आहे, रोज स्टेशनचा जिना चढणाऱ्याला जड जाऊ नये. वाटेत काकडी, कणीस, लिंबूसरबत मिळतं. काकडीला मीठ-मसाला लावून देतात ती खाच.

देवळाच्या थोडं अलीकडे ओढ्याच्या कडेने एक पायवाट वर जाते. मोठमोठे दगड, मुळं धरून चढायचं. आवाज आधी येतो. मग झाडी संपते आणि समोर काळा कातळ, त्याच्यावरून दोन धारांत पाणी खाली येतं. खाली स्वच्छ डोह, तळचे गोटे दिसत होते. मी बूट काढून पाय सोडले आणि तोंडातून "आई गं" निघालं, इतकं गार. आईच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर मिळालं म्हणून मी मनात नोंद करून ठेवली. तेव्हा मला खात्री होती की हाच तो.

पलीकडच्या काठावर वाडा तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्यातली म्हातारी, आईच्याच वयाची असेल, लुगडं वर खोचून दगडावर बसली होती, पाय पाण्यात, आणि सुनेला ओरडत होती, "मला नको धरू, तू पडशील!" मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिने मला विचारलं, "काय गं पोरी?" काही नाही म्हटलं. काय सांगणार? माझी आई त्या वाटेने सहज आली असती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती भाजीच्या दोन पिशव्या घेऊन, लिफ्ट बंद असली तर चालत वर यायची, आणि मी मागून धापा टाकत. मला एकदम फार वाईट वाटलं. फुगा हातात होता तो खाववेना. रेजिना आपली दुर्बीण लावून बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण सुजाता, हा तुझा नसावा. हा सगळा झाडीत आहे. इथून गाव कुठे दिसतंय?" खरंच दिसत नव्हतं. धबधब्याला आमची गॅलरी दिसत नसेल तर गॅलरीलाही तो दिसणार नाही, हे साधं गणित बँकेत नोकरी करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आम्ही देवळात जाऊन दर्शन घेतलं. रेजिना बाहेर पायरीवर टेकली आणि पुजाऱ्याने तिलाही प्रसादाचं खोबरं दिलं. तिथून कच्च्या रस्त्याने वर निघालो. हा टप्पा दमवणारा आहे, सावली तुटक आणि चढ सरळ. पाणी पुरेसं ठेवा, वर काही मिळत नाही. एका वळणानंतर डोंगर पश्चिमेला उघडतो आणि एकदम सगळं दिसतं. हायवे, त्याच्या पलीकडे इमारतींचं रान, मग हिरवा पट्टा, त्यात रेजिनाची वाडी कुठेतरी असणार, मिठागरांचे चौकोन आणि शेवटी समुद्राची कड. ज्या गावातून मी रोज मान खाली घालून ये-जा करते ते एवढं देखणं आहे हे मला माहीत नव्हतं. नेटवर्कही होतं. मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आलो वर. साडी घातलीस का?"

"केव्हाच! लाल, मावशीने दिलेली. दिसली का?"

रेजिनाने दुर्बीण लावली, इकडून तिकडे फिरवली आणि हसायलाच लागली. मी घेऊन बघितलं. रविवार होता. नोकरदारांच्या गावाचा कपडे धुवायचा वार. प्रत्येक बिल्डिंगच्या प्रत्येक गॅलरीत लाल, पिवळे, हिरवे ठिपके फडकत होते, आणि परतीच्या पावसाने अडवलेले आठवड्याचे कपडे आज ऊन पडलं म्हणून झाडून सगळ्यांनी बाहेर काढले होते.

"आई, अख्ख्या नालासोपाऱ्याने लाल साड्याच घातल्यात वाळत!"

"अगं बाई," आई म्हणाली आणि हसू लागली. "आपण दोघी काय बावळट आहोत गं!" आम्ही तिघी हसत होतो. कितीतरी महिन्यांनी मी तिचं असं हसणं ऐकत होते.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या धबधब्याच्या बरोबर वर मोबाइलचा एकच टॉवर आहे. आणि त्याच्या उजव्या हाताला डोंगर दबलेला आहे, उशीवरून डोकं उचलल्यावर खळगा राहतो ना, तसा. बघा."

"तुमची उजवी म्हणजे आमची डावी, काकी," रेजिना म्हणाली.

खळगा सापडला, टॉवर सापडला. तो आमच्यापेक्षा बराच खाली, पुढे आलेल्या सोंडेवर होता. त्याच्या खाली डोंगर उभा कापलेला होता. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, केव्हाची बंद पडलेली दगडखाण. तळाशी साचलेलं हिरवं पाणी, एक गंजका सांगाडा, टाकून दिलेले टायर. कापलेल्या भिंतीवरून रात्रीच्या पावसाचं पाणी खाली ओघळत होतं आणि दगडाची भुकटी मिसळून ते दुधासारखं पांढरं झालं होतं.

इथे मी माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी फटकळ आहे. समोरच्या हिशेबात चूक सापडली की मला आनंद होतो आणि ती लगेच बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. ऑफिसात याचं कौतुक होतं.

"सापडला!" मी ओरडले. "आई, सापडला! अगं पण धबधबा नाहीच तो! खाण आहे! दगडखाणीच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय. इतकी वर्षं आपण खाणीचं पाणी बघतोय!" आणि मी हसले.

फोनवर रेडिओ ऐकू येत होता. आईने त्याचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "बरं. उतरताना सांभाळून या." आणि फोन बंद झाला.

रेजिनाने दुर्बीण खाली केली. "सांगायची काय घाई होती गं तुला?"

"तिनेच विचारलं होतं, कुठून पडतो म्हणून."

"विचारलं होतं. पण घरी जाऊन, तिच्याजवळ बसून सांगितलं असतंस. हसायचं तरी नव्हतं."

 उतरताना ऊन कलतं होतं, उजेड फार सुंदर होता, झाडीतून धनेश पक्ष्यांची जोडी उडत गेली, रेजिनाने दाखवली. मी बघितली, पण मनापासून नाही. हायवेला वडापाव घेतला, बरा असतो, मी अर्धा टाकला. तुमच्यासाठी इतकंच लिहून ठेवते की पाय दुखतात, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं.

घरी पोचले तर साडी काढून, घडी घालून कपाटात गेली होती. "पाय धुऊन घे, वरण गरम कर," आई म्हणाली. जेवताना मी सगळं सांगितलं, काळा कातळ, दोन धारा, गार पाणी. ती "हो का", "छान" म्हणत राहिली. सोमवारी ऑफिसातून आले तर तिची खुर्ची हॉलमध्ये टीव्हीसमोर होती. मंगळवारीही तिथेच. बुधवारी चव्हाण वहिनींचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. आई त्यांना शांतपणे सांगत होती, "धबधबा नाही हो तो, वहिनी. खाण आहे. सुजाता बघून आली. मला काय कळतंय पावसातलं, तुम्ही आपले मोबाइलवर बघा."

तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. त्या बिल्डिंगला तिचा डोंगर झाकायला अजून दोन महिने लागले असते. मी एका फोनमध्ये झाकला.

रात्री तिच्याजवळ बसून म्हटलं, "तुला खऱ्या धबधब्याला नेते, देवळाजवळच्या."

"कशाला? माझ्याने काय होणार तिथे?" तिने टीव्हीचा आवाज वाढवला. दोन दिवस तो विषय नाही. तिसऱ्या दिवशी पोळी लाटताना मागून आवाज आला, "गाडी कुठपर्यंत जाते म्हणालीस?"

रेजिनाच्या भावाची गाडी मिळेपर्यंत, आईला बीपीचा त्रास होऊन ती बरी होईपर्यंत, ऑक्टोबर संपत आला. पाऊस पुन्हा पडला नव्हता. आईला लिफ्टने खाली आणलं, दाराच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले, पण "नको, परत जाऊ" म्हणाली नाही. केसांत गजरा होता. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: कोरड्या दिवसांत गाडी वरपर्यंत नेता येते, पण रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे, पाठीला उशी घ्या आणि ड्रायव्हरला अजिबात घाई करू देऊ नका.

पायवाट आईला शक्यच नव्हती. जिथे तोच ओढा रस्त्याला येऊन मिळतो आणि झाडीतून वरचा कातळ दिसतो, तिथे आम्ही थांबलो. सरबताची गाडी लावणारी बाई आईला बघून स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. "इकडं सावलीत बसवा आजीला. पानी बघायला आलाव का? पानी गेलं बाय आता. मागल्या हप्त्यात तरी बरं होतं."

ओढ्यात गोटे होते. दोन दगडांमधून करंगळीएवढी धार येत होती आणि एका खळग्यात साचत होती, त्यात सागाचं पान तरंगत होतं. वरचा कातळ कोरडा, नुसते काळे ओघळ. मी आईच्या चपला काढल्या आणि तिचे पाय त्या खळग्यात ठेवले. घोटेसुद्धा बुडले नाहीत.

"इथून वरून येतं होय?" तिने मान वर करून विचारलं.

"हो. दोन धारा असतात. खाली डोह आहे."

ती पुष्कळ वेळ त्या कातळाकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय होते तेव्हा आणायला हवं होतंस गं मला."

मला वाटलं होतं, असं काही ती कधी बोललीच तर माझ्याकडे उत्तरं आहेत. ऑफिस, लोन, रोजचा प्रवास, एकटीने सगळं ओढणं. सगळं खरंच आहे. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"हो," मी म्हटलं.

"किती वेळा म्हटलं होतं मी."

"हो, आई."

"तुझ्या आधी वर पोचले असते मी."

"पोचली असतीस."

रेजिना माकडांना हाकलायच्या निमित्ताने लांब गेली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. आईने पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. तिने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं, "गार आहे," म्हणाली, आणि मग, "या बाईकडे कणीस आहे का बघ." कणीस मऊ भाजून घेतलं, तिने दाणे सोडवून सोडवून खाल्ले. एक तास बसलो असू. परत येताना ती गाडीत झोपून गेली.

आता ही पोस्ट लिहितेय तेव्हा समोरचा स्लॅब आमच्या मजल्याच्या वर गेलाय. गॅलरीतून बांबूची परांची दिसते आणि तिच्या फटींतून डोंगराची थोडी कड. तुंगारेश्वरला जा, नक्की जा. एका दिवसात होतं, फार पैसे लागत नाहीत, जंगल अजून जंगल आहे. तुमच्या घरात कोणी "एकदा जाऊन येऊ" म्हणत असेल तर त्यांना घेऊन जा, ते चालू शकतायत तोवर. मला यातून काय मिळालं असं कोणी विचारलं तर प्रामाणिकपणे सांगते, मला चुटपूट मिळाली आणि ती जाईल असं वाटत नाही.

काल चव्हाण वहिनी वर आल्या होत्या. आई त्यांना हॉलमध्ये बसून सांगत होती, रस्ता कसा आहे, कातळ कसा काळा आहे, पाणी दोन दगडांच्या मधून कसं येतं. मी न सांगितलेल्या दोन-चार गोष्टीही त्यात होत्या.

"छान झालं हो, काकू," वहिनी म्हणाल्या. "सुजाताने नेलं तुम्हाला. नाहीतर हल्ली कोण नेतं!"

"नेलं की," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण उशिरा नेलं."

मी स्वयंपाकघरात होते. चहा उकळला होता, तो गाळला आणि दोघींना बाहेर नेऊन दिला.